मोठा लॅपटॉप घेताय? आधी चार्जरसकट वजन करा

माझा पहिला मोठा लॅपटॉप १७.३ इंची होता. माहितीपत्रकात वजन २.६ किलो लिहिलेलं. मनात म्हटलं, अडीच किलोचं काय एवढं! चार्जर वेगळा, विटेएवढा, आणखी ८०० ग्रॅमचा, आणि त्याचं वजन माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. पहिला आठवडा मी दोन्ही रोज पाठीवर वाहिले. दुसऱ्या आठवड्यात चार्जर घरी ठेवायला लागले. त्यातल्याच एका दुपारी व्हिडिओचं एक्सपोर्ट ४० टक्क्यांवर असताना बॅटरी संपत आली. शेजारच्या सहकाऱ्याचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर मागून घेतला, जोडला, आणि चार्जिंगचं चिन्ह समोर दिसत असतानाच बॅटरीचा आकडा खाली घसरताना बघत बसले. १८, १७, १६. तिसऱ्या आठवड्यापासून लॅपटॉप टेबलावरच राहिला आणि मी वही घेऊन जायला लागले.

मशीनमध्ये खोट नव्हती. घेताना मी वेगाचे आकडे दहादा तपासले आणि ओझ्याचा एकही धड वाचला नाही, एवढंच. पहिल्यांदाच १६ ते १८ इंची लॅपटॉप घ्यायला निघालेल्यांसाठी पुढचा क्रम लिहिते आहे. तो आहे तसाच पाळा, आणि चौथ्या पायरीपर्यंत एकाही मॉडेलचं नाव बघू नका. एकदा एखादं मशीन मनात भरलं की सगळे आकडे त्याच्याच बाजूने बोलायला लागतात.

पायरी १: दोन आकडे कागदावर लिहा

पहिला आकडा, आठवड्यातून किती वेळा लॅपटॉप पाठीवर टाकून बाहेर पडता. अंदाजाने लिहू नका, गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळा ते आठवा. दुसरा, तुमच्या कामात प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप सलग किती मिनिटं पूर्ण ताकदीने राबते.

हा दुसरा आकडा बहुतेकांना माहीत नसतो, पण काढायला सोपा आहे. आत्ता जो कॉम्प्युटर आहे त्यावर नेहमीचं काम करताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला, चिप किती राबते ते दाखवणारा आलेख उघडा ठेवा. ब्राउझरचे तीस टॅब, एक्सेल, लिखाण यांत तो मध्येच उसळतो आणि दोन-चार सेकंदांत खाली बसतो. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालणारं ॲप बनवताना, काही मिनिटं वर राहतो. व्हिडिओ एक्सपोर्ट, थ्रीडी रेंडर, गेम, आपल्याच मशीनवर एआय मॉडेल चालवणं, या कामांत तो अर्धा-अर्धा तास छताला चिकटलेला असतो.

उसळी मारून खाली बसणाऱ्या कामात पातळ लॅपटॉप आणि जाडजूड लॅपटॉप यांच्यातला फरक हाताला फारसा जाणवत नाही. वजन तुम्ही वाहता ते त्या छताला चिकटलेल्या अर्ध्या तासासाठी.

रोज बाहेर नेणार आणि आलेख नुसता उसळणारा असेल, तर तुम्हाला मोठा पडदा हवा आहे, मोठी ताकद नको आहे. अशी मशीन मिळतात. एलजी ग्रॅमचं १७ इंची मॉडेल सुमारे १.३५ किलोचं असतं, ॲपलची १५ इंची मॅकबुक एअर दीड किलोची. महिन्यातून दोनदा हलवणार आणि रोज तासन्‌तास रेंडर करणार, तर बिनधास्त जाड मशीन घ्या आणि वजनाचा विचार सोडा. खरी ओढाताण होते ती दोन्ही आकडे मोठे असलेल्यांची. पुढचं बरंचसं त्यांच्यासाठी आहे.

पायरी २: बाटल्या भरा

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. लॅपटॉप २.६ किलो, चार्जर ८०० ग्रॅम, माउस आणि वायरी धरून साडेतीन किलो झाले, म्हणजे साडेतीन लिटर पाणी. तेवढ्या बाटल्या भरून, कपड्यात गुंडाळून तुमच्या नेहमीच्या बॅगेत टाका आणि चार दिवस त्या घेऊन फिरा. जिने चढा, उभ्याने प्रवास करा, बॅग खांद्यावरून काढून पुन्हा अडकवा. दुकानात लॅपटॉप दहा सेकंद उचलून बघण्याला काही अर्थ नाही. दहा सेकंद कुणीही काहीही उचलतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी खांद्याला रग लागली तर एक लिटर कमी करून पुन्हा चार दिवस. कुठल्या वजनाला तुम्ही बाटल्या विसरता, तो तुमचा आकडा. तो लिहून ठेवा आणि त्यात चार्जर धरलेला आहे हे कंसात ठळक लिहा. माझा आकडा अडीच किलो निघाला. मशीन घेऊन झाल्यावर निघाला, हे दुर्दैव.

चार्जरचं वजन कंपन्या सहसा लपवत नाहीत, फक्त सांगत नाहीत. ढोबळमानाने, १०० वॅटचा नव्या पद्धतीचा छोटा चार्जर पाव किलोच्या आसपास, २४० वॅटचा पाऊण किलोच्या घरात, आणि ३३० वॅटचा जवळपास किलोभर. म्हणजे दोन लॅपटॉपच्या वजनात ३०० ग्रॅमचा फरक दिसला तरी बॅगेत तो कधीकधी एक किलोचा असतो.

तसं ‘पोर्टेबल’ हा शब्द पहिल्यापासूनच सैल. १९८१ सालचा ऑस्बर्न १ सुमारे ११ किलोचा होता, पडदा ५ इंची, आत बॅटरीच नाही, आणि तरी तो पोर्टेबल म्हणून विकला जायचा.

पायरी ३: इंचांचा घोळ सोडवा

पडद्याचा आकडा कर्णाचा असतो, लांबी-रुंदीचा नव्हे. त्यामुळे १५.६, १६ आणि १७.३ हे चढते जिने वाटतात, पण तसे ते नाहीत. १५.६ आणि १७.३ इंची पडदे बहुधा १६:९ प्रमाणाचे असतात, नवे १६ इंची १६:१० चे. मोजून बघा. १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ उंच येतो. १६ इंची पडदा तेवढाच रुंद, पण २१.५ उंच. आणि १७.३ इंची? ३८.३ रुंद, आणि उंची तीच, २१.५.

म्हणजे कोड लिहिणाऱ्याला, लेख तपासणाऱ्याला, लांबलचक पानं वाचणाऱ्याला १७.३ इंची पडद्यावर १६ इंचीपेक्षा एकही ओळ जास्त मिळत नाही. वाढते ती फक्त रुंदी. व्हिडिओची टाइमलाइन, रुंद स्प्रेडशीट, दोन खिडक्या शेजारी शेजारी, अशा कामांत ती रुंदी खरंच कामाला येते. बाकीच्यांनी चार सेंटिमीटरसाठी मोठी बॅग घ्यायची का, ते ठरवावं.

बॅगेचंही तसंच. ‘१७ इंची लॅपटॉपसाठी’ असं लिहिलेल्या बॅगेत पातळ लॅपटॉप जातो, मागे पंख्यांचा भाग बाहेर आलेला जाड लॅपटॉप अडकतो. इंचावर विसंबू नका. लॅपटॉपच्या अंगाची रुंदी, खोली आणि जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या आणि बॅगेच्या कप्प्याला टेप लावा.

पायरी ४: नाव सोडा, वॅट वाचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

लॅपटॉपची ताकद चिपच्या नावात नसते, ती चिपला किती वीज मिळते आणि त्या विजेची उष्णता किती झपाट्याने बाहेर फेकली जाते यात असते. आत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर यावा लागतो. त्यासाठी तांब्याच्या नळ्या, धातूच्या पातळ पत्र्यांची जाळी, फिरणारे पंखे आणि हवेला जायला मोकळी जागा लागते. जाडी आणि वजन तिथून येतं. पातळ लॅपटॉप बनवणाऱ्याने काही जादू केलेली नसते, त्याने चिपचे वॅट कमी केलेले असतात.

उदाहरण घ्या. एनव्हिडियाची लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ४०७० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येते, वर तात्पुरते २५ वॅट जास्तीचे. खोक्यावर सगळीकडे नाव एकच. ३५ वॅटवर बांधलेली आणि ११५ वॅटवर मोकळी सोडलेली ४०७० एकाच वेगाने पळणार नाहीत, हे सांगायला नको. शिवाय त्याच नावाचं डेस्कटॉपचं कार्ड २०० वॅटचं आणि १२ जीबी मेमरीचं आहे, लॅपटॉपमधल्याला ८ जीबी मेमरी, आणि आतली चिपही वेगळी. त्यामुळे डेस्कटॉपच्या चाचण्या बघून लॅपटॉप निवडू नका.

हा आकडा शोधायचा कुठे? माहितीपत्रकात खाली, बारीक अक्षरात, टीजीपी किंवा कमाल ग्राफिक्स पॉवर या नावाने. तिथे नसला तर त्या नेमक्या मॉडेलची सविस्तर चाचणी शोधा. दोन्हीकडे सापडला नाही तर मी ते मशीन यादीतून काढते. चांगला आकडा सहसा कुणी झाकून ठेवत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत नावाच्या शेपटीकडे बघा. इंटेलच्या १३व्या पिढीत यू म्हणजे मूळ १५ वॅट, एच म्हणजे ४५, एचएक्स म्हणजे ५५. पण ‘मूळ’ या शब्दात गोम आहे. आय-९ १३९८० एचएक्स थोड्या वेळापुरता १५७ वॅटपर्यंत चढू शकतो, आणि आय-७ १३५५ यू सुद्धा ५५ पर्यंत उडी मारतो. पहिली काही सेकंदं दोघंही शूर असतात. मग तापमान चढतं आणि लॅपटॉप हळूच वीज कमी करतो. म्हणून एकदाच धावून काढलेल्या गुणांवर भरवसा ठेवू नका. चाचणीत तीच परीक्षा लागोपाठ दहा-वीस वेळा घेतलेली असेल तर तिचा आलेख बघा. पहिल्या फेरीनंतर तो किती खाली येतो आणि कुठे स्थिरावतो, हीच त्या लॅपटॉपची खरी ताकद.

आता दिलासा देणारी गोष्ट. चिपचा वीजखप साधारण क्लॉकच्या, म्हणजे तिच्या ठोक्यांच्या, वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकाराने वाढतो. वेग १० टक्के वाढवायचा आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर खप ३३ टक्के वाढतो: १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. उलट बाजूने वाचा. शेवटचा थोडासा वेग सोडून दिला तर विजेचा, उष्णतेचा, पर्यायाने वजनाचा बराच मोठा हिस्सा सुटतो. चिप अगदी उपाशी ठेवली तर मात्र वेग धाडकन पडतो. रोज नेण्यासाठी ताकदवान लॅपटॉप हवा असणाऱ्यांना माझा कल स्पष्ट सांगते: मधल्या वॅटवर चालणारं, दोन किलोच्या आसपासचं १६ इंची मशीन. वरच्या टोकाची चिप पातळ अंगात कोंबलेलं मशीन मी कुणाला सुचवत नाही. त्यात नाव मोठं मिळतं आणि वेग एखाद्या खालच्या पण पोटभर वीज मिळणाऱ्या चिपसमोर तोकडा पडू शकतो. नाकापेक्षा मोती जड, आणि मोतीही पुरता चमकत नाही.

पायरी ५: बॅटरीचं गणित घाला

मोठ्या लॅपटॉपची बॅटरी कितीही मोठी असली तरी साधारण ९९ वॅट-तासांवर अडते. विमानात केबिनमध्ये १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवाना नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची संमती लागते. म्हणून कंपन्या शंभराच्या आतच राहतात.

आता भागाकार करा. ९९ वॅट-तासांची बॅटरी, मशीन लिखाणाच्या कामात १५ वॅट खात असेल तर साडेसहा तास. गेम किंवा रेंडरमध्ये १०० वॅट खाल्ले तर तासाच्या आत संपली. आणि एवढ्या-तेवढ्याशा ५४ वॅट-तासांच्या बॅटरीवर ६ वॅट खाणारा छोटा लॅपटॉप नऊ तास चालतो. बॅटरीचा आकार बघण्याआधी खप बघा.

वेगळी ग्राफिक्स चिप रिकामी असताना पूर्ण झोपते का, हेही तपासा. एखादा बाहेरचा मॉनिटर किंवा एखादं खट्याळ ॲप तिला जागं ठेवतं आणि काहीही न करता काही वॅट उडत राहतात.

चार्जर काढला की बहुतेक ताकदवान लॅपटॉप आपणहून मंदावतात, कारण बॅटरीतून तेवढी वीज एकदम ओढता येत नाही. म्हणजे प्लग नसलेल्या जागी बसून जड काम करायचं असेल तर ती सगळी ताकद कागदावरच. याला ठळक अपवाद ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मशीनचा. १६ इंची मॅकबुक प्रो २.१ ते २.२ किलोची, आणि बॅटरीवरही वेग जवळजवळ तोच. मात्र तुमचं सॉफ्टवेअर किंवा गेम तिच्यावर चालतो का, हा प्रश्न तिच्या वेगापेक्षा आधी विचारायचा.

टाइप-सी चार्जिंगबद्दल एक स्वतंत्र प्रश्न विचारून घ्या: या लॅपटॉपला टाइप-सीमधून जास्तीत जास्त किती वॅट घेता येतात? पूर्वी या पद्धतीची मर्यादा १०० वॅट होती, २०२१ मध्ये ती २४० पर्यंत वाढली, पण तुमचं मशीन त्यातलं किती घेतं हे मशीनवर अवलंबून. १०० वॅट घेत असेल तर रोजच्या लिखाण-मीटिंगसाठी छोटा चार्जर बॅगेत टाकायचा आणि वीट घरच्या टेबलाखाली कायमची ठेवून द्यायची. या एका सोयीने पाठीवरचं अर्धा किलो उतरतं. माझ्या जुन्या मशीनसारखं ६५ वॅटवर रेंडर करायला मात्र जाऊ नका.

पायरी ६: हात, कान

मोठ्या लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड असतो. हिशेबाच्या कामाला तो वरदान. पण त्यामुळे अक्षरांचा कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात, आणि तुम्ही दिवसभर पडद्याच्या मध्यापासून जरा तिरकं बसता. मला हे कळायला मानेने महिना घेतला. आकडे फारसे मारत नसाल तर कीपॅड नसलेलंच मॉडेल बघा.

आवाजासाठी दुकानातल्या गोंगाटात कान देऊन उपयोग नाही, चाचणीतला डेसिबलचा आकडा बघा. पूर्ण भाराखाली ५० डेसिबलच्या आसपास जाणारं मशीन मीटिंगमध्ये किंवा वाचनालयात उघडायची लाज वाटते.

पायरी ७: नंतर जोडता येतं ते, आणि येत नाही ते

एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, बहुतेक मोठ्या लॅपटॉपमध्ये बदलता येते, म्हणून तिथे आत्ता काटकसर चालेल. रॅमचं, म्हणजे चालू कामाच्या मेमरीचं, मात्र विचारून घ्या. पातळ मशीनमध्ये ती बोर्डावरच सोल्डर करून बसवलेली असते, आज १६ जीबी घेतली तर शेवटपर्यंत १६ जीबीच. जाड मशीनमध्ये सहसा खाचा असतात. वजनाच्या बदल्यात मिळणारी ही एक गोष्ट लोक हिशेबातच धरत नाहीत. ग्राफिक्सची मेमरी तर जवळपास कुठल्याच लॅपटॉपमध्ये वाढवता येत नाही. एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी वॅटच्याही आधी ती बघावी.

पायरी ८: परत करायची मुदत असेपर्यंत छळून घ्या

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याला खरं काम द्या. सिनेबेंच नावाची फुकट चाचणी आहे, ती दहा मिनिटं प्रोसेसर पिळून काढते. एकदा चार्जर लावून, एकदा काढून, एकदा शांत मोडमध्ये चालवा आणि तिन्ही गुण लिहून ठेवा. मग तुमचंच एखादं जुनं प्रोजेक्ट उघडून सलग अर्धा तास एक्सपोर्ट करा, हात कीबोर्डवर ठेवून. कीबोर्डचा मधला भाग किती तापतो, तळहात टेकवता येतो का, आवाज चिडचिड करतो का, हे कुठल्याही आकड्यात सापडत नाही. शांत मोडमधले गुण पूर्ण ताकदीच्या फार मागे नसतील तर मशीन चांगलं निवडलंत.

दुसऱ्या दिवशी ते बॅगेत घालून नेहमीच्या वाटेने जाऊन या. झाकण नुसतं मिटून नव्हे, हायबरनेट करून, म्हणजे उघडं काम साठवून पूर्ण बंद करून. आजकालचे लॅपटॉप झोपेतही अर्धवट जागे असतात आणि बंद बॅगेत तापत बसतात. पोहोचल्यावर बॅटरी निघतानाएवढीच आहे ना ते बघा.

आणि हे सगळं करूनही दोन्ही आकडे जुळत नसतील, म्हणजे बाटल्या दीड लिटरच्या वर झेपत नाहीत आणि रेंडर मात्र रोज दोन तास आहे, तर एकाच मशीनचा हट्ट सोडा. माझेही दोन्ही आकडे जुळले नाहीत. तो १७.३ इंची आजही टेबलावर आहे, कायम प्लगला. पाठीवर दीड किलोचा साधा लॅपटॉप असतो. जड काम आलं की त्यावरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे इंटरनेटवरून त्याचा पडदा इथे उघडून, मोठ्याला गाठते, एक्सपोर्ट लावते आणि खिडकी मिटते. घरी पंखे घुमतात, ऐकायला मी तिथे नसते.